न मंत्री, न चॅन्सेलर: आउगुस्ट बेबेल आणि त्यांनी उभा केलेला पक्ष

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला, म्हणजे एसपीडीला, १६.४ टक्के मतं पडली. ओलाफ शोल्त्स यांचं चॅन्सेलरपद गेलं आणि पक्षाला फ्रीडरिश मेर्त्स यांच्या सरकारात धाकटा भागीदार होऊन बसावं लागलं. राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत या पक्षाची इतकी कमी टक्केवारी त्याआधी एकदम १८८७ साली दिसते. तेव्हा ती १० टक्क्यांच्या आसपास होती. पण १८८७ मध्ये या पक्षावर बंदी होती. त्याला सभा घेता येत नव्हती, वर्गणी गोळा करता येत नव्हती, वर्तमानपत्र काढता येत नव्हतं, आणि बरेच पुढारी एक तर तुरुंगात होते किंवा हद्दपार. तरीही तीन वर्षांत मतं दुपटीच्या घरात गेली. ती कशी गेली हे समजून घ्यायचं तर आउगुस्ट बेबेल या माणसाकडं जावं लागतं. आज आपण ज्याला 'केडर असलेला पक्ष' म्हणतो, त्याचा आराखडा युरोपात प्रथम ज्यांनी यशस्वी करून दाखवला त्यांत बेबेल यांचं नाव फार वर आहे. आणि हा माणूस आयुष्यात एकदाही मंत्री झाला नाही.

बेबेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८४० चा, कोलोनसमोर ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर असलेल्या डॉइट्झ इथला. वडील प्रशिया या तेव्हाच्या बलाढ्य जर्मन राज्याच्या पायदळात हलक्या हुद्द्यावर होते आणि घर म्हणजे लष्करी तटबंदीतली एक खोली. प्रशियाच्या लष्करशाहीशी जन्मभर भांडलेला माणूस जन्मला तो लष्कराच्याच छपराखाली. मुलगा चार वर्षांचा असताना वडील गेले. आईनं दिराशी, म्हणजे वडिलांच्या जुळ्या भावाशी, लग्न केलं, पण दोनच वर्षांत तोही गेला. आई मुलांना घेऊन माहेरी वेट्झलारला आली आणि १८५३ मध्ये क्षयानं वारली. तेराव्या वर्षी पोरकं झालेलं हे पोर शाळेत हुशार होतं. खाणकामाचं शिक्षण घ्यायची इच्छा होती, पण पैसे कुठले? मग एका काताऱ्याकडं उमेदवारीला ठेवलं गेलं.

उमेदवारी संपल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणं बेबेल गावोगाव काम शोधत दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात हिंडले. स्वतः प्रोटेस्टंट असूनही फ्रायबुर्ग आणि साल्झबुर्गला ते कॅथलिक कारागिरांच्या मंडळात जात, कारण तिथं वर्तमानपत्रं वाचायला मिळत. सैन्यात भरती व्हायलाही गेले होते, पण अंगानं किरकोळ म्हणून परत पाठवलं. मे १८६० मध्ये लाइपझिगला पोचले आणि तिथं स्थिरावले.

लाइपझिग हे तेव्हा छापखान्यांचं, जत्रांचं आणि कामगार मंडळांचं शहर. उदारमतवादी वकील-प्राध्यापकांनी कामगारांसाठी काढलेल्या शिक्षण मंडळात बेबेल दाखल झाले. या मंडळांचा सूर साधा होता: शिका, बचत करा, सभ्य व्हा, राजकारण आमच्यावर सोडा. २३ मे १८६३ ला याच शहरात फर्डिनांड लासाल यांनी कामगारांचा पहिला स्वतंत्र राजकीय पक्ष काढला, तेव्हा बेबेल त्याच्या विरोधी छावणीत होते. इतकंच नव्हे, कामगार अजून सार्वत्रिक मताधिकाराला लायक झालेले नाहीत असं त्या वर्षी ते बोलून बसले होते, आणि आठवणी लिहिताना त्यांनी ते लपवलं नाही. लासाल यांना खोडून काढायचं म्हणून त्यांची पत्रकं वाचायला घेतली आणि वाचता वाचता मन बदलत गेलं. १८६५ मध्ये विल्हेल्म लिबक्नेख्ट यांची गाठ पडली. लिबक्नेख्ट चौदा वर्षांनी मोठे, लंडनमध्ये मार्क्सच्या घरी ऊठबस केलेले आणि प्रशियातून नुकतेच हाकललेले. लिबक्नेख्ट पुस्तकी आणि भडक, तर बेबेल हिशेबी आणि नेटके. ही जोडी पस्तीस वर्षं टिकली.

दरम्यान बेबेल यांनी स्वतःचा कारखाना टाकला होता. कारखाना म्हणजे भाड्याची जागा आणि हाताखाली एखाद-दुसरा माणूस. त्यात म्हशीच्या शिंगापासून दारांच्या-खिडक्यांच्या मुठी बनत. शिंग कापायचं, उष्णता देऊन मऊ करायचं, दाबून आकार द्यायचा, मग कातायचं आणि घासून चकाकी आणायची. राजकारणात पडल्यावर गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा माल दुसऱ्या गावी पाठवावा लागला. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. राइशटागच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संसदेच्या, सदस्यांना मानधन मिळत नव्हतं. गरिबाला निवडून येता येईल, पण परवडणार नाही अशी व्यवस्था प्रशियाचा पंतप्रधान आणि पुढं जर्मनीचा चॅन्सेलर झालेल्या बिस्मार्कनं घटनेतच करून ठेवली होती. मानधन सुरू झालं थेट १९०६ मध्ये. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं हा खासदार बिनपगारी होता, आणि त्यातली बरीच वर्षं तो मुठी विकून संसदेत बसत होता. नंतर भागीदार मिळाला, वाफेवर चालणारा कारखाना झाला आणि बेबेल त्याच कंपनीचे फिरते विक्रेते झाले. पोलिसांच्या लेखी ते मालाचे नमुने घेऊन हिंडणारे व्यापारी होते; त्याच फेऱ्यांत ते गावोगावचे कार्यकर्ते बांधत गेले.

१८६७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ते सॅक्सनीतल्या ग्लाउखाउ-मेराने मतदारसंघातून उत्तर जर्मन राइशटागमध्ये निवडून आले. हा भाग विणकरांचा, घरोघरी माग आणि घरोघरी कर्ज. ऑगस्ट १८६९ मध्ये आयझेनाखला बेबेल आणि लिबक्नेख्ट यांनी सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्ष काढला. वर्षभरात फ्रान्सशी युद्ध पेटलं. युद्धखर्चाच्या पहिल्या मतदानात दोघं तटस्थ राहिले. सेदानला फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा शरण आला, तरी युद्ध चालूच राहिलं आणि फ्रान्सचा आल्सास-लोरेन हा भाग गिळायची भाषा सुरू झाली, तेव्हा दोघांनी विरोधात मत दिलं. देशभर विजयाची नशा होती आणि संसदेत मूठभर माणसं नाही म्हणत होती. डिसेंबर १८७० मध्ये दोघांना अटक झाली.

सुटून आल्यावर बेबेल यांनी त्याहून धाडसाचं काम केलं. २५ मे १८७१ ला, पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसच्या कामगारांनी उभी केलेली क्रांतिकारी राजवट, रक्तात बुडवलं जात असताना, ते राइशटागमध्ये उभे राहिले आणि म्हणाले की पॅरिसमधली लढाई ही आघाडीवरची एक छोटी चकमक आहे, युरोपातला मुख्य सामना अजून व्हायचा आहे. काही दशकांत 'महालांशी युद्ध, झोपड्यांना शांतता' ही पॅरिसची रणघोषणा सगळ्या युरोपातल्या कामगारांची घोषणा होईल, असंही त्यांनी बजावलं. सभागृहात हशा पिकला. बिस्मार्क मात्र हसला नाही. सात वर्षांनंतर त्यानं सांगितलं की या भाषणानं आपले डोळे उघडले आणि हा पक्ष राज्याचा शत्रू आहे हे तेव्हाच कळलं.

१८७२ च्या वसंतात लाइपझिगला राजद्रोहाचा खटला चालला. पुरावा म्हणून लेख, पत्रं आणि भाषणं वाचून दाखवली गेली, वर्तमानपत्रांनी ती जशीच्या तशी छापली आणि पक्षाची मतं फुकटात देशभर पोचली. शिक्षा झाली दोन वर्षं किल्लेकैदेची. त्यावर सम्राटाच्या अवमानाबद्दल आणखी नऊ महिने आणि खासदारकी रद्द. जानेवारी १८७३ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि मतदारांनी तुरुंगातल्या उमेदवाराला आधीपेक्षा जास्त मताधिक्यानं परत निवडून दिलं.

हुबेर्टुसबुर्गच्या किल्ल्यात बेबेल यांचं कॉलेज झालं म्हणायला हरकत नाही. मार्क्सपासून डार्विनपर्यंत आणि प्लेटोपासून शेतीच्या रसायनशास्त्रापर्यंत त्यांनी तिथं वाचलं, शेजारच्या लिबक्नेख्टकडून इंग्रजी-फ्रेंच शिकले. फुप्फुसाचं दुखणं जडलं होतं, त्याला तुरुंगातली सक्तीची विश्रांतीच लागू पडली. सगळ्या शिक्षा मिळून त्यांची जवळपास पाच वर्षं गजाआड गेली.

या काळात घर, कारखाना आणि पक्षाचा पत्रव्यवहार सांभाळला तो यूलीए बेबेल यांनी. लग्नाआधी त्या लाइपझिगला टोप्या-फुलांच्या दुकानात काम करत. १८६६ मध्ये लग्न, १८६९ मध्ये मुलगी फ्रीडा, आणि पुढल्या वर्षापासून नवऱ्याच्या तुरुंगवाऱ्या. मालाच्या ऑर्डरी, कामगारांचा पगार, अटकेत असलेल्यांच्या कुटुंबांना पोचवायचे पैसे आणि बाहेरगावच्या कार्यकर्त्यांना द्यायचे निरोप असं सगळं त्यांच्या हातून जात होतं. पक्षाच्या इतिहासात त्यांचं नाव बहुधा 'साथ देणारी पत्नी' एवढ्यावरच संपतं. माझ्या मते त्या पक्षाच्या पहिल्या बिनपगारी कार्यालय-चिटणीस होत्या.

हे सांगायचं कारण बेबेल यांचं पुस्तक. 'स्त्री आणि समाजवाद' हे १८७९ मध्ये निघालं, तेव्हा पक्षावर बंदी येऊन काही महिने झाले होते. प्रती सांख्यिकीच्या एका पुस्तकमालेतला अंक असल्याचं भासवणाऱ्या मुखपृष्ठाआड गेल्या. १८८३ मध्ये दुसरी आवृत्ती नाव बदलून आली. १९०९ पर्यंत पन्नास आवृत्त्या झाल्या. त्या काळच्या जर्मन कामगाराच्या घरात मार्क्सचा जाडजूड ग्रंथ असला तर तो बहुतेक न वाचलेला असे, बेबेल यांचं पुस्तक मात्र पानं सुटेस्तोवर वाचलेलं असे. बाई दुहेरी दबलेली आहे, एकदा पुरुषावर अवलंबून म्हणून आणि दुसऱ्यांदा मालकावर अवलंबून म्हणून, हा त्यातला गाभा. त्यातला मानववंशशास्त्राचा भाग आज टिकत नाही आणि भविष्यातल्या समाजाचं वर्णन तर भाबडंच वाटतं. पण स्वयंपाकघर, बाळंतपण, वेश्याव्यवसाय, मजुरी आणि वारसा-हक्क हे सगळं एकाच राजकीय प्रश्नात बसवण्याचं काम पक्षाच्या पुढाऱ्यानं केलं, हे तेव्हा नवीन होतं. १८९१ च्या एर्फुर्ट कार्यक्रमात पक्षानं स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी लेखी घातली आणि १८९५ मध्ये ती राइशटागमध्ये मांडली. प्रशियात स्त्रियांना राजकीय पक्षाचं सभासद व्हायलाही १९०८ पर्यंत कायद्यानं मनाई होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या मागणीचं वजन कळतं. समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणारं कलम १७५ रद्द करा, असं राइशटागमध्ये १८९८ साली उभं राहून बोलणारेही बेबेलच.

आता बंदीकडं. १८७८ च्या मे आणि जूनमध्ये सम्राट विल्हेल्म पहिला याच्यावर दोनदा गोळ्या झाडल्या गेल्या. पक्षाचा या दोन्ही हल्ल्यांशी संबंध नव्हता, पण बिस्मार्कला हवी ती संधी मिळाली. ऑक्टोबरमध्ये समाजवादविरोधी कायदा आला आणि तो मुदतवाढी घेत १८९० च्या सप्टेंबरअखेरपर्यंत चालला. संघटना बेकायदा, वर्तमानपत्रं बंद, सभा बंद. सुमारे नऊशे जणांना त्यांच्या गावांतून हाकललं, दीड हजारांच्या आसपास लोकांना तुरुंग झाला. १८८१ मध्ये लाइपझिगवर 'छोटा वेढा', म्हणजे संशयितांना शहराबाहेर काढायची मुभा देणारी आणीबाणी, जाहीर झाला, तेव्हा बेबेल यांनाही शहर सोडावं लागलं. ते आणि लिबक्नेख्ट जवळच्या बोर्सडोर्फला जाऊन राहिले.

कायद्यात एक फट राहिली होती. पक्ष बेकायदा होता, पण माणूस म्हणून निवडणुकीला उभं राहायला बंदी नव्हती आणि राइशटागमधलं भाषण छापायला मनाई नव्हती. बेबेल यांनी या फटीतून सगळा पक्ष आत घेतला. संसदेतला गट हाच पक्षाची कार्यकारिणी झाला. अधिवेशनं परदेशात भरली: १८८० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वीडनच्या पडक्या वाड्यात, १८८३ मध्ये कोपनहेगनला, १८८७ मध्ये सांक्ट गालेनला. मुखपत्र झुरिचला छापलं जाई आणि यूलिउस मोटेलर यांच्या 'लाल टपाला'तून सरहद्दीवरून चोरून आत येई. गावात पक्षाची शाखा नसे, पण गायन मंडळ असे, पत्त्यांचा क्लब असे, आजारपणात मदत करणारा फंड असे. एखादा कार्यकर्ता वारला की अंत्ययात्रेला हजारो लोक जमत आणि पोलीस पुष्पचक्रांवरच्या लाल फिती कापत बसत. कोपनहेगनच्या अधिवेशनाबद्दल १८८६ मध्ये फ्रायबेर्गला खटला झाला आणि बेबेल यांना पुन्हा नऊ महिने आत जावं लागलं.

मतांचे आकडे पाहा. १८७७ मध्ये ४ लाख ९३ हजार, बंदीच्या पहिल्या धक्क्यानंतर १८८१ मध्ये ३ लाख १२ हजार आणि १८९० मध्ये १४ लाख २७ हजार. म्हणजे १९.७ टक्के मतं, मतांच्या हिशेबात देशातला पहिला पक्ष. त्याच वर्षी बिस्मार्कचं पद गेलं आणि कायदाही संपला. बिस्मार्कनं एका हातात हा कायदा ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं आजारपण, अपघात आणि म्हातारपणाचा विमा दिला होता. कामगारांनी विमा घेतला आणि मत बेबेलना दिलं.

पण बंदीनं पक्षाला दिलेली सवयही तितकीच महत्त्वाची होती. बारा वर्षं टिकून राहायचं म्हणजे शिस्त, गुप्तता, नियमित वर्गणी आणि पोलिसांच्या हातात कोलीत न देणं. चिडवलं तरी हात उचलायचा नाही. 'आपल्याला काही करायची गरज नाही, हा समाज आपल्याच ओझ्यानं कोसळणार आहे' हा विश्वास तुरुंगात धीर देणारा होता. बाहेर आल्यावर तोच धोरण होऊन बसला. १८९१ च्या एर्फुर्ट अधिवेशनात बेबेल म्हणाले की आपलं अंतिम ध्येय इतकं जवळ आलं आहे की या सभागृहातल्या फार थोड्या लोकांना तो दिवस बघायला मिळणार नाही. ते हे मनापासून म्हणत होते. 'कोसळण्या'ची तारीखही ते अधूनमधून सांगत, आणि फ्रीडरिश एंगल्सही लंडनहून असेच अंदाज बांधत असत.

१८९० मध्ये हाले इथं पक्षाचं नाव बदलून आजचं एसपीडी झालं. १८९२ पासून बेबेल आणि बर्लिनचे माजी कापड-व्यापारी पाउल झिंगर असे दोन बरोबरीचे अध्यक्ष. झिंगर १९११ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या जागी ह्यूगो हाझ आले. या दोन दशकांत पक्ष म्हणजे देशातला एक दुसरा देशच बनला. कामगाराच्या घरी पक्षाचं वर्तमानपत्र येई, मुलगा पक्षाच्या व्यायामशाळेत जाई, बाप पक्षाच्या वाचनालयातून पुस्तक आणी आणि सामान सहकारी भांडारातून येई. १९१३ पर्यंत सभासद दहा लाखांच्या उंबरठ्यावर होते. कैसर विल्हेल्म दुसरा या लोकांना 'बिनदेशाचे गडी' म्हणे. लोक बेबेलनाच कामगारांचा कैसर म्हणत.

बेबेल यांचा वक्ता म्हणून लौकिक मोठा होता, पण पक्षाध्यक्ष म्हणून त्यांचं खरं कसब दोन गटांना एका दोरीत बांधून ठेवण्यात होतं. पक्षातले विचारवंत एदुआर्द बर्नश्टाइन म्हणू लागले की भांडवलशाही कोसळत नाहीये, तेव्हा सुधारणांचा पक्ष आहोत हे मान्य करून टाकू. १९०३ च्या ड्रेस्डेन अधिवेशनात बेबेल त्यांच्यावर तुटून पडले. 'मी या भांडवलदारी समाजाचा आणि या राज्यव्यवस्थेचा जानी दुश्मनच राहणार,' हे त्यांचं वाक्य तिथलंच. ठराव प्रचंड बहुमतानं झाला, पण बर्नश्टाइन यांना पक्षातून काढलं नाही. दुसऱ्या टोकाला पक्षाच्या डाव्या गटातल्या रोझा लक्झेंबर्ग राजकीय सार्वत्रिक संपाची मागणी करत होत्या. १९०५ मध्ये येनाला बेबेल यांनी ती अर्धी मान्य केली: मताधिकारावर घाला आला तर संप. १९०६ मध्ये मानहाइमला कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी डोळे वटारले आणि तीही पातळ झाली. शब्द क्रांतीचे, काम सुधारणेचं आणि निर्णय पुढल्या अधिवेशनात. पक्ष फुटला नाही, ही कमाई. पण कठीण प्रश्न आल्यावर कोणत्या बाजूला उभं राहायचं, हे त्या काळात कधी ठरलंच नाही, ही त्या कमाईची किंमत.

वसाहतींच्या प्रश्नात हे स्पष्ट दिसतं. फेब्रुवारी १८९४ मध्ये बेबेल पाणघोड्याच्या कातड्याचे चाबूक घेऊन राइशटागमध्ये आले आणि कॅमेरूनमध्ये जर्मन अधिकारी बायकांना याच चाबकांनी फोडून काढतात, असं सांगत ते सभागृहासमोर धरले. १८९६ मध्ये पूर्व आफ्रिकेतला जर्मन अधिकारी कार्ल पेटर्स याच्या खुनशी कारभाराची लक्तरं त्यांनी काढली. त्या वेळी त्यांनी आधाराला घेतलेलं एक पत्र बनावट निघालं, पण फाशीच्या घटना खऱ्या होत्या आणि पेटर्सला पुढल्या वर्षी बडतर्फ व्हावं लागलं. १९०४ मध्ये नैऋत्य आफ्रिकेत (आजच्या नामिबियात) हेरेरो जमातीचा संहार सुरू झाला, तेव्हाही सरकारला झोडपणाऱ्यांत बेबेल पुढं होते. आणि तरी १९०६ च्या डिसेंबरात ते म्हणून गेले की वसाहती बाळगणं हा मुळात गुन्हा नव्हे, योग्य रीतीनं केलं तर ते संस्कृतीचं कामही ठरू शकतं. सरकारनं वसाहतींच्या मुद्द्यावरच संसद बरखास्त केली. १९०७ च्या जानेवारीतल्या निवडणुकीत देशभक्तीचा असा धुरळा उडवला की पक्षाची मतं वाढूनही जागा ८१ वरून ४३ वर आल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टुटगार्टला समाजवादी इंटरनॅशनलची, म्हणजे देशोदेशीच्या समाजवादी पक्षांच्या संघटनेची, परिषद भरली, जर्मन भूमीवरची पहिलीच. यजमान बेबेल यांचा पक्ष, परिषदेच्या अध्यक्षस्थानी झिंगर. पंचवीस देशांतून साडेआठशेवर प्रतिनिधी. आपल्याला ही परिषद ठाऊक असते ती दुसऱ्याच कारणासाठी. २२ ऑगस्ट १९०७ ला मुंबईच्या मादाम भिकाजी कामा सरदारसिंह राणांसह याच व्यासपीठावर आल्या, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्या आणि हिरवा-पिवळा-लाल असा, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वन्दे मातरम्' लिहिलेला झेंडा त्यांनी फडकवला. ब्रिटिश प्रतिनिधींपैकी रॅम्से मॅकडोनल्ड यांचा विरोध होता, हिंडमन यांचा पाठिंबा होता. ठराव रीतसर मतदानाला गेलाच नाही. पुण्यात केसरीवाड्यात ठेवलेला झेंडा पाहताना ही पार्श्वभूमी बहुधा कुणी सांगत नाही: त्याच सभागृहात वसाहती तत्त्वतः निषेधार्ह आहेत की नाहीत यावर समाजवाद्यांतच घमासान चालू होतं. समितीच्या बहुमताचा मसुदा 'समाजवादी राजवटीत वसाहती संस्कृती पोचवू शकतात' असं म्हणत होता आणि यजमान जर्मन प्रतिनिधी मंडळाचं वजन त्याच मसुद्याच्या पारड्यात होतं. तो १२७ विरुद्ध १०८ मतांनी पडला. तीन वर्षांपूर्वी आम्सटरडॅमच्या परिषदेत दादाभाई नौरोजी बोलले, तेव्हा हेच लोक आदरानं उभे राहिले होते. उभं राहणं सोपं होतं.

स्टुटगार्टमध्ये बेबेल यांचा स्वतःचा विषय युद्ध हा होता. फ्रेंच प्रतिनिधी म्हणत होते की युद्ध पुकारलं तर सार्वत्रिक संप करू. बेबेल म्हणाले की आमच्या देशात असं नुसतं छापलं तरी पक्ष मोडून काढतील. त्यांच्या ठरावाला लेनिन, लक्झेंबर्ग आणि मार्तोव्ह यांनी दुरुस्ती जोडली: युद्ध टाळता आलं नाही तर त्या संकटाचा उपयोग भांडवलशाही उलथण्यासाठी करा. ठराव एकमतानं झाला आणि जो तो आपल्याला हवा तो अर्थ घेऊन घरी गेला.

बेबेल स्वतः काय मानत होते? मार्च १९०४ मध्ये राइशटागमध्ये ते म्हणाले होते की देशावर हल्ला झाला तर माझ्यासारखा म्हाताराही खांद्यावर बंदूक घेईल. त्यांच्या डोळ्यांपुढं झारचा रशिया होता, ज्याला ते सगळ्या प्रगतीचा वैरी मानत. हे वाक्य पक्षातल्या उजव्या गटानं पाठ करून ठेवलं. ९ नोव्हेंबर १९११ ला, मोरोक्कोवरून युरोप युद्धाच्या काठावर आला असताना, ते पुन्हा उभे राहिले. सगळीकडं शस्त्रं वाढत चालली आहेत, एक दिवस एखादी बाजू म्हणेल की रोजच्या धाकापेक्षा एकदाचा सोक्षमोक्ष बरा, आणि मग एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख तरुण एकमेकांसमोर उभे राहतील, असं त्यांनी सांगितलं. मागं राहील दिवाळखोरी, उपासमार, बेकारी आणि व्यवस्थेचा 'मोठा क्लाडराडाच', म्हणजे सगळं कडाडून कोसळणं. इतिवृत्तात हशा नोंदवलेला आहे. उजव्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, 'प्रत्येक युद्धानंतर परिस्थिती सुधारतेच!'

जानेवारी १९१२ ची निवडणूक हा बेबेल यांचा कळस: ४२ लाख ५० हजार मतं, ३४.८ टक्के, ११० जागा, राइशटागमधला सर्वांत मोठा गट. सभागृहाच्या अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव आलं आणि थोडक्यात पडलं. पण राइशटाग चॅन्सेलर नेमत नव्हतं, तो नेमायचा कैसर. आणि प्रशियाच्या विधानसभेत तीन वर्गांची मतदान पद्धत होती, जिथं श्रीमंताचं मत गरिबाच्या कितीतरी पट मोजलं जाई. एक तृतीयांश मतं मिळवूनही हातात सत्तेची चावी नाही, अशा अवस्थेत बेबेल यांचं शेवटचं दीड वर्ष गेलं. यूलीए १९१० मध्ये गेल्या होत्या, झुरिचचा डॉक्टर जावई १९१२ मध्ये गेला. १३ ऑगस्ट १९१३ ला स्वित्झर्लंडमध्ये पासुग इथं हृदयविकारानं बेबेल वारले. झुरिचच्या झीलफेल्ड स्मशानभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला, आणि अंत्ययात्रेला युरोपभरातून माणसं आली. त्यांच्या जागी हाझ यांच्या जोडीला फ्रीडरिश एबर्ट अध्यक्ष झाले.

पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट १९१४ ला, राइशटागमधल्या एसपीडी गटानं एकमुखानं युद्धकर्जाच्या बाजूनं मत दिलं. गटाच्या बैठकीत विरोध करणाऱ्या हाझ यांनाच शिस्तीखातर सभागृहात पाठिंब्याचं निवेदन वाचावं लागलं. रशियाचं सैन्य जमवाजमव करत होतं आणि बेबेल यांची बंदूक ज्याच्या त्याच्या तोंडी होती. १९१७ मध्ये पक्ष फुटला. हाझ फुटीर गटाचे पुढारी झाले आणि १९१९ मध्ये गोळीबारात जखमी होऊन वारले. एबर्ट प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

बेबेल असते तर त्यांनी कोणतं मत दिलं असतं, हा जर्मन डाव्यांचा शंभर वर्षांचा वाद आहे. १९०४ चं वाक्य घेतलं तर उत्तर सोपं वाटतं, आणि मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. पण १९७० च्या दशकात इतिहासकारांनी एक पत्रव्यवहार छापून पुढं आणला. १९१० पासून बेबेल झुरिचमधले ब्रिटिश कॉन्सल हाइनरिश आंग्स्ट यांच्याशी गुपचूप बोलत आणि त्यांना लिहीत होते, आणि ती माहिती आंग्स्ट लंडनला परराष्ट्र खात्यात पाठवत होते. बेबेल त्यात सांगतात की जर्मन आरमार इंग्लंडविरुद्धच उभं राहतंय, बर्लिनच्या गोड बोलण्यावर विसंबू नका, तुमच्या जहाजबांधणीत ढिलाई करू नका. धोका रशियापेक्षा आपल्याच घरातल्या प्रशियाकडून आहे आणि आतून त्याला आवर घालण्याइतकं बळ आपल्या पक्षात नाही, अशी कबुलीच या पत्रांत आहे. जवळपास दहा लाख सभासदांच्या पक्षाचा अध्यक्ष हे परक्या सरकारला कळवत होता. हे उघड झालं असतं, तर ज्या राजद्रोहासाठी १८७२ मध्ये ओढूनताणून खटला भरावा लागला होता, त्याचा पुरावा सरकारच्या हातात आयता पडला असता. पक्षातल्या सहकाऱ्यांपुढं, अधिवेशनात किंवा ठरावात मात्र त्यांनी यातलं काहीच इतक्या उघडपणे मांडलं नव्हतं.